उलटी मुनारी

साथीचे सगळे निर्बंध उठले, त्यानंतर माझ्या टेबलासमोर येऊन बसलेला पहिला माणूस तक्रार घेऊन आला होता. तक्रार काय, तर बंदी उठवलीच काऊन?

"बाई, पोरीचं लगन हाये," तो म्हणाला. "थे पन्नास मानसाची बंदी अजून जराशी चालू ठेवता येते का? कागदावर नाई तं नाई, तोंडी सांगा. सोयरे गंज हायेत माह्ये, मोजून सरत नाईत. पन्नासाच्या वर मानूस दिसला तं नायब बाई आत टाकते, असं सांगून बसलो मी सगळ्याइले."

"भाऊ, सोयरे तुमचे आणि आत टाकणारी मी?" मी म्हटलं. "आता कायदा नाही. घाला जेवू सगळ्यांना."

तो असा रुसून गेला की पत्रिका द्यायलासुद्धा आला नाही. नंतर कळलं, अख्खा तालुका जेवला त्या लग्नात.

मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. तालुका गडचिरोली जिल्ह्यातला, कुरखेड्याच्या अंगाचा, एवढंच सांगते. नाव लिहिलं तर ज्यांच्याबद्दल लिहिते आहे ते फोन करून भांडतील. नाही लिहिलं म्हणूनही भांडतील, पण ते मला परवडतं. ज्या गावाची गोष्ट सांगणार आहे त्याला इथे मोहटोला म्हणते आणि माणसांचीही नावं बदलते.

तहसील म्हटलं की बाहेरच्या माणसाला सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि जेवायला गेलेला बाबू आठवतो. आठवू द्या. पण तहसीलदार आणि नायब तहसीलदार हे तालुक्याचे दंडाधिकारीही असतात, हे लोकांना मोर्चा निघाला किंवा दंगल व्हायची वेळ आली तरच कळतं. साथ आली तेव्हा सगळ्यांना एकदमच कळलं. वरून सरकारचा आदेश निघायचा, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा, आणि त्याखाली आमचे चिल्लर आदेश. अमुक गावचा बाजार बंद, तमुक गल्लीत येणं-जाणं बंद, अमक्याचं घर प्रतिबंधित. या चिल्लर आदेशांचे मसुदे मी लिहायची. भराभर लिहायची आणि सरळ लिहायची. माझ्या मसुद्यात तहसीलदार साहेबांना कधी खाडाखोड करावी लागली नाही, हे मी आजही कोणालाही ऐकवते, विचारलं नाही तरी ऐकवते.

त्या दिवसांत कोण कोण आलं माझ्याकडे! वडश्याच्या बाजूचा एक नाटक मंडळीचा मॅनेजर दर आठवड्याला यायचा. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक होतं, त्याच्या पोटावरच पाय आला होता. एकदा तो गंभीर तोंडानं म्हणाला, "बाई, नाटकात कोर्टाचा सीन हाये. पाचाच्या वर जमाव नाई म्हनता, तं जज अन् आरोपी एकच मानूस करू का?" मी म्हटलं, करा, पण निकाल काय देतो ते मला कळवा. तो हसला नाही. आता आठवलं की वाईट वाटतं. त्याची चेष्टा करायचे ते दिवस नव्हते.

तर आदेश. आदेशाचा शेवट दोन तऱ्हांनी होतो. एक म्हणजे त्याच्यातच तारीख लिहिलेली असते, ती आली की तो आपोआप मरतो. दुसऱ्यात तारखेच्या जागी "पुढील आदेशापर्यंत" असं लिहिलेलं असतं. साथीत पुढचं कोणालाच दिसत नव्हतं, म्हणून आम्ही सगळीकडे तेच लिहिलं. पुढे एका गुढीपाडव्याला राज्यातले सगळे निर्बंध उठले. वरचं उठलं की खालचं उठलंच, असं आम्ही धरून चाललो. मोठ्या नळाची चावी बंद केल्यावर घरोघरच्या तोट्या बंद करत कोणी हिंडत नाही. टीव्हीवर बातमी आली, मोबाईलवर पत्रक फिरलं, ऑफिसात पेढे वाटले गेले.

पण त्या पावसाळ्यात मी तोट्या बंद करत हिंडले. आमच्या तालुक्यातला एकेक चिल्लर आदेश जिथे लागू केला होता तिथे जाऊन, लोकांच्या समोर संपवला. असं करणारा दुसरा तालुका माझ्या तरी ऐकण्यात नाही. सुरुवात मोहटोल्यापासून झाली, म्हणून तेवढंच सांगते.

आषाढ होता. रोवणी जोरात चालू असली की आमचं ऑफिस ओस पडतं. आमच्याकडे धान पेरून भागत नाही. आधी एका कोपऱ्यात रोपं वाढवायची, त्यांना पऱ्हे म्हणतात, आणि मग ते उपटून चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, एकेक रोवायचे. जो तो चिखलात असतो, दाखला मागायला कोण येणार? अशा दुपारी एक साठीची बाई आत आली. पायांना पोटरीपर्यंत चिखल, हातात मिटलेली छत्री.

"नायब बाई तुमीच का?"

"हो. बसा."

"बसत नाई. तुमी माहं घर बंद केलं होतं. उघडून द्या."

मी म्हटलं, बाई, ते केव्हाच उघडलं. पाडव्याला सगळंच उठलं.

"तुमच्या इथी उठलं असन," ती म्हणाली. "मोहटोल्यात नाई उठलं."

तिचं नाव पार्वताबाई. साथीच्या दुसऱ्या लाटेत मोहटोल्यात पहिला आजारी पडला तो तिचा नवरा. त्याला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं, तो परत आला नाही. मुलगा आणि सून तेलंगणात मिरची तोडायला गेलेली, ती तिकडेच अडकली आणि पुढे तिकडेच राहिली. पार्वताबाई घरात एकटी. तिचं घर प्रतिबंधित केल्याचा आदेश निघाला, दारासमोर आडवे बांबू बांधले गेले आणि गावचा कोतवाल दादाजी यानं तिच्या दारापुढे उभं राहून डफडं वाजवून मुनारी दिली. मुनारी म्हणजे दवंडी. आमच्या भागात मुनारीच म्हणतात.

"काय म्हणाला दादाजी?" मी विचारलं. मसुदा माझाच होता. त्यात "सदर परिसरात कोणत्याही व्यक्तीने प्रवेश करू नये" असं सभ्य वाक्य होतं.

पार्वताबाईनं दादाजीच्या आवाजात म्हणून दाखवलं. "ऐका हो ऐका! पार्वताबाईच्या घरी कोनी जायाचं नाई होऽऽ! तिच्या हातचं पानी प्यायाचं नाई होऽऽ! जो जाईन त्याच्यावर गुन्हा दाखल होईन होऽऽ!"

माझ्या डोक्यात सणक गेली. आमचं घर बौद्ध. याच्या हातचं पाणी चालत नाही, हे ऐकत माझ्या आजोबांनी अर्धं आयुष्य काढलं आणि छप्पन साली चांद्याला जाऊन, दीक्षा घेऊन ते मागे टाकून आले. आणि आता माझ्या ऑफिसच्या शिक्क्याखाली तेच वाक्य डफड्यावर वाजलं होतं. दादाजीचा दोष नव्हता. "सदर परिसर" मोहटोल्यात कोणाला कळणार? त्यानं आपल्या परीनं समजावून सांगितलं, लोक तिच्या घरापासून लांब राहिले, साथ त्या दारातच थांबली. काम चोख झालं होतं. फक्त ते संपलं नव्हतं.

का संपलं नव्हतं, हेही तिनंच सांगितलं. बांबू तर कोणीतरी वालाच्या वेलाला मांडव करायला घेऊन गेला. पण मुनारी तशीच राहिली. मोहटोल्याची रीत अशी की जंगलातली चारं पिकायच्या आधी मुनारी होते, झाडाला हात लावायचा नाही. ही चारं म्हणजे ज्यांची चारोळी निघते ती. फळं पिकली की दुसरी मुनारी होते, चला, उघडलं. मधे फळं डोळ्यांदेखत काळी पडली तरी कोणी हात लावत नाही. ही शिस्त आमच्या शिकल्यासवरल्या शहरांत दाखवा मला! तर मुनारीनं बंद झालेलं मुनारीनंच उघडतं, हे त्या गावाच्या हाडात होतं. टीव्हीवर मुंबईचं कोणी काय सांगितलं याच्याशी मोहटोल्याला काय करायचं?

"अन् आता रोवना लागला," पार्वताबाई म्हणाली. "आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या, असा आमचा रोवना चालते. एकटीनं होत नाई. गेल्या साली माही बांधी पडीत राह्यली. औंदा सुमनकडे गेली बलावाले, शेजारीन हाये माही. तं ते मले म्हनते, तुह्या घराची मुनारी उतरली कोठी वं? पऱ्हे जून होऊन राह्यले बाई. अजून आठवडा गेला तं फेकाले लागन."

तिनं हातातली छत्री भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "पीक गेलं तं जाओ. पन घरात कोनी येत नाई, हे नाई सोसत. माहा मानूस गेला तवा रडाले बी कोनी नाई आलं. मी एकटीच रडली, अन् एकटीच चूप झाली."

मला भडभडून आलं. मला रडू आलं की मी चिडते, हे माझ्या घरच्यांना माहीत आहे, पार्वताबाईला माहीत नव्हतं. मी शिपायावर उगाच ओरडले, तिला पाणी देववलं आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले.

तेव्हाचे तहसीलदार तरुण होते, पश्चिमेकडचे, डोक्यानं तल्लख. सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, मला वाईट वाटतं. पण मूळ कायदाच उठलाय. जो आदेश जिवंतच नाही तो मागे कसा घेणार? आणि आज मागे घेतला, तर आजपर्यंत तो लागू होता असं आपणच लिहून दिल्यासारखं होईल. मधल्या काळात लोक बाजारात गेले, लग्नं झाली. ते सगळे गुन्हेगार ठरवायचे का?"

बरोबर होतं त्यांचं, शंभर टक्के बरोबर. म्हणूनच माझा आणखी संताप झाला. मी टेबलाशी येऊन डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. पार्वताबाई बाहेरच्या बाकापाशी, अजूनही न बसता, उभीच होती.

आमच्या धंद्यातली खुबी आता सांगते. सरकारी मराठीला लोक हसतात, मीही हसते, पण तिच्यात क्रियापदाला फार किंमत असते. आदेश मागे घेताना आम्ही लिहितो, "संपुष्टात आणण्यात येत आहे." म्हणजे आत्ता, या सहीनं, मी संपवतो आहे. साहेबांची अडचण इथेच होती. मी लिहिलं, "संपुष्टात आलेले आहेत, असे याद्वारे जाहीर करण्यात येते." म्हणजे संपले ते आधीच, तुम्हाला सांगतो आहोत आज. कोणी गुन्हेगार ठरत नाही, मेलेला आदेश पुन्हा मारावा लागत नाही, आणि मुनारी द्यायला हातात सही-शिक्क्याचा कागद येतो. "आणण्यात येत आहे" खोडायचं आणि "आलेले आहेत" लिहायचं, बस. पण मला स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटली. अजूनही वाटते.

साहेबांनी मसुदा दोनदा वाचला. मग मान वर करून म्हणाले, "आलेले आहेत... मॅडम, हे चालतं की!" सही केली आणि म्हणाले, "तुम्ही स्वतः जा. मुनारी होताना दंडाधिकारी समोर असू द्या."

कोतवाल दादाजी मात्र कां-कूं करायला लागला. पन्नाशीचा माणूस, मोहटोल्यातलाच. "मॅडम, डफडं वाजवाले माही ना नाई," तो म्हणाला. "पन थ्या दिसापासून ते बाई माह्याशी बोलत नाई. घरासमोरून गेलो का तोंड फिरवते. मी कसा उभा राहू तिच्या दारात?"

"दादाजीभाऊ, तुम्ही नाही उभं राहत," मी म्हटलं. "सरकार उभं राहतं. तुमचं फक्त डफडं."

त्याला हे काही पटलं नाही, पण आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, बाया बांधीकडे निघायच्या आत, आम्ही मोहटोल्यात पोचलो. पार्वताबाईच्या दारासमोर दादाजीनं डफडं बडवलं. गाव जमलं, पण जरा दूर, जुन्या बांबूच्या खुणेपलीकडे. दादाजीनं कागद उघडून वाचला. "सदर आदेशान्वये लागू करण्यात आलेले सर्व निर्बंध संपुष्टात आलेले आहेत, असे याद्वारे..." माझं ते लाडकं वाक्य दादाजीच्या तोंडून इतकं परकं वाटलं की काय सांगू. लोक एकमेकांकडे बघत राहिले. कोणी जागचं हललं नाही.

दारातून पार्वताबाई म्हणाली, "हे काय वाचलं गा?"

"आदेश हाये बाई."

"थ्या दिवशी असं नाई बोलला तू. थ्या दिवशी माहं नाव घेतलं होतं. साऱ्या गावाच्या समोर घेतलं होतं. जे बोलला तेच उलटं बोल."

दादाजीनं माझ्याकडे बघितलं. आता नियम असा आहे की आदेशात नसलेला एक शब्दही मुनारीत घालायचा नाही. मी दंडाधिकारी म्हणून तिथे उभी होते ती हेच बघायला. मी म्हटलं, "बोला."

दादाजी सरळ माणूस. उलटं बोल म्हटलं, त्यानं एकेक वाक्य घेऊन इमानानं उलटं केलं. डफडं असं बडवलं की झाडावरचे बगळे उडाले.

"ऐका हो ऐका! पार्वताबाईच्या घरी सारेच्या सारे जा होऽऽ! तिच्या हातचं पानी प्या होऽऽ! जो जानार नाई त्याच्यावर गुन्हा दाखल होईन होऽऽ!"

मग एका ओट्यावरून एक म्हातारा खोकत खोकत हसायला लागला. "काय गा दादाजी! पानी पेलं नाई तं जेल?"

झालं, गाव फुटलं. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या, माणसं मांड्यांवर थापा मारून हसली. दादाजीला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो केविलवाणा होऊन माझ्याकडे बघू लागला. कोणत्याही कायद्याच्या कोणत्याही कलमाखाली असा गुन्हा नाही. जागच्या जागी दुरुस्ती करणं माझं काम होतं. मी तोंड सरकारी ठेवलं आणि काहीही दुरुस्त केलं नाही. पोटात मात्र हसून हसून कळ आली होती.

हसता हसता लोक त्या खुणेच्या अलीकडे कधी आले, त्यांनाही कळलं नसेल.

दादाजीनं डफडं ओट्याला टेकवलं, अंगणात गेला आणि उकिडवा बसला. खाली बघत म्हणाला, "बाई, चाय मांडा. नाई तं पयला गुन्हा माह्यावरच लागन."

पार्वताबाई दारातून उतरून त्याच्यासमोर आली. मला वाटलं, आता हाकलते. मग म्हणाली, "चायपत्ती नाई घरात. पानी पेतं का?"

"पेतो न."

तिनं गडवा भरून आणला. दादाजी सगळ्यांच्या समोर पाणी प्याला. रिकामा गडवा तिच्या हातात देताना तो काही तरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही. तिला आलं असणार, कारण तिनं मान हलवली.

त्या दिवशी सुमनच्या बांधीची पाळी होती. सुमन पुढे आली आणि कोणाकडेही न बघता म्हणाली, "माह्या बांधीले काई होत नाई. पऱ्हे हिचे जून झाले, आज हिच्या इथी चला."

ऑफिसची गाडी मी परत पाठवली. साडी खोचली आणि बायांच्या मागे बांधीत उतरले. लहानपणी आईबरोबर रोवणी केलेली, हात विसरत नाहीत असं मला वाटत होतं. साफ चुकीचं होतं. माझी ओळ बघून बाया म्हणाल्या, "मॅडम, तुमची ओळ कोनीकडे चालली? कचेरीत जाते का?" मी म्हटलं, सरकारी काम आहे, जरा वाकडं जाणारच. कमरेचा काटा ढिला झाला, पण दुपारपर्यंत मी हटले नाही. मधेच कोणीतरी गाणं धरलं. पार्वताबाई गात नव्हती, नुसती रोवत होती. तिचे हात इतके भरभर चालत होते की जणू दोन पावसाळ्यांचं काम तिला एकाच दिवसात उरकायचं होतं.

दुपारी सगळ्या बांधावर बसल्या. पार्वताबाईनं घरून डोक्यावर पाण्याची पितळी गुंडी आणली होती. पहिला पेला तिनं मला दिला, दुसरा सुमनला. सुमन पाणी प्याली. पेला हातातच धरून चिखलाकडे बघत म्हणाली, "माह्या मनात गंज होतं वं पार्वता, तुह्याकडे यायचं. तुहा मानूस गेला तवाच यायचं होतं. पन बंदी होती न."

पार्वताबाई काय बोलते म्हणून मी हातातला घास थांबवला. तिचा माणूस गेला तेव्हा बंदी होती खरी, पण ती पाडव्यालाच संपली होती. आज सकाळी वाचलेल्या कागदात मीच ते लिहिलं होतं, "आलेले आहेत" असं घासूनपुसून लिहिलं होतं, आणि तो कागद माझ्या पर्समध्ये होता. सुमनला ते ठाऊक होतं का, कोण जाणे. पार्वताबाईला ठाऊक होतं, मीच तिला सांगितलं होतं.

"हाव," पार्वताबाई म्हणाली. "बंदीच होती."

मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. सगळी नोकरी मी सरकारची बाजू मांडण्यात घालवली. लोकांशी भांडून मांडली, वरिष्ठांशी भांडून मांडली, एकदा तर नवऱ्याशी भांडूनही मांडली.

"चूक सरकारचीच," मी म्हटलं. "आम्हीच यायला उशीर केला."

"हाव न, बाई!" दोघी एकदमच म्हणाल्या.